आधी कोणता बघायचा? स्टार वॉर्सचा क्रम आणि लेखकाची कात्री

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातल्या काही पुनरुक्ती गाळल्या आहेत.)

आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. स्टार वॉर्सचे सिनेमे कोणत्या क्रमाने बघावेत, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? दोन मित्र चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत मिटवतील. अडचण अशी आहे, की तो मिटत नाही. १९९९ पासून हे भांडण चालू आहे. मला वाटतं ते मिटत नाही, कारण भांडणारे सगळे वेगळ्याच जागी भांडतायत. नेमकं कुठे भांडायला हवं, तिथे मी हळूहळू येतो.

आधी कच्चा माल समोर ठेवतो. ज्यांनी यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही आणि पुढे पाहायचा आहे, त्यांनी आत्ताच बाहेर जाऊन चहा घ्यावा, कारण मी सगळी रहस्यं फोडणार आहे. (हशा)

१९७७ च्या मे महिन्यात जॉर्ज लुकासचा 'स्टार वॉर्स' अमेरिकेत लागला. वाळवंटी ग्रहावर काका-काकूंकडे वाढलेला ल्यूक स्कायवॉकर, ओबी-वान नावाचा म्हातारा योद्धा, राजकन्या लेया, तस्कर हान सोलो, आणि काळ्या मुखवट्यातला डार्थ वेडर. १९८० मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला. त्याच्या शेवटाकडे वेडर ल्यूकला सांगतो, की मीच तुझा बाप. १९८३ मध्ये 'रिटर्न ऑफ द जेडाय'. मुलगा बापाला माणसांत परत आणतो, आणि बाप मरतो. गोष्ट संपली. मग १६ वर्षांनी लुकास परत आला आणि त्याने त्या बापाचं तरुणपण सांगितलं. १९९९ ला 'द फँटम मेनेस', २००२ ला 'अटॅक ऑफ द क्लोन्स', २००५ ला 'रिव्हेंज ऑफ द सिथ'. ॲनाकिन नावाचं एक गुलाम पोर जेडाय योद्धा होतं आणि त्याचा वेडर होतो, ती ही कथा. या तीन नव्यांचे क्रमांक एक, दोन, तीन. जुन्यांचे चार, पाच, सहा. २०१२ मध्ये डिस्नीने लुकासची कंपनी विकत घेतली आणि २०१५, २०१७, २०१९ मध्ये सात, आठ, नऊ आले. शिवाय मधेच 'रोग वन' आणि 'सोलो'.

म्हणजे दोन सरळ रस्ते आहेत. एक प्रदर्शनाचा क्रम, म्हणजे जसे आले तसे बघायचे. दुसरा क्रमांकांचा, म्हणजे एकपासून सुरुवात. लुकासचं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूचं. त्याच्या मते ही सगळी मिळून ॲनाकिनची शोकांतिका आहे आणि शोकांतिका जन्मापासून बघावी.

पहिल्या रस्त्याची बाजू घेणारे सहसा एकच कारण देतात. एकपासून बघितलं तर 'मी तुझा बाप' हा धक्का फुकट जातो. खरंच आहे ते. पण मला हे कारण लंगडं वाटतं. आज तो धक्का कुणाला बसतो? टी-शर्टवर आहे, कॉफीच्या मगवर आहे, जाहिरातीत आहे. आठ वर्षांच्या पोराला सिनेमा माहीत नसतो, पण वेडर कुणाचा बाप ते माहीत असतं. एवढ्या एका वाक्याच्या जोरावर प्रदर्शनाचा क्रम उभा करायचा असेल तर तो कधीच कोसळलाय.

आणि आपल्याला, म्हणजे महाभारत ऐकत वाढलेल्यांना, हे वेगळं सांगायला नको. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे आपल्याला कधी कळलं? कुणालाच आठवत नाही. ते माहीत असूनच आपण कर्णाची गोष्ट ऐकतो. महाभारत तर ते लपवतही नाही. वाचकाला आदिपर्वातच सांगून टाकतं. कर्णाला कळतं ते उद्योगपर्वात, युद्धाच्या तोंडावर. आणि युधिष्ठिराला कळतं सगळं संपल्यावर, तर्पणाच्या वेळी, जेव्हा कुंती म्हणते की याच्याही नावाने पाणी सोडा. एकच माहिती, पण तीन जणांना तीन वेळी. आपण बसलेलो असतो सगळ्यांत वरच्या पायरीवर, आणि खालच्या माणसांना अजून न कळलेलं आपल्याला कळत असतं, म्हणून आपला जीव खालीवर होतो.

तेव्हा गुपित आधी कळलं की गोष्ट मेली, असं काही नसतं. क्रम बदलला की आपली बसायची जागा बदलते. १९८० च्या सिनेमात आपण ल्यूकच्या शेजारी बसलेलो असतो. जेवढं त्याला माहीत, तेवढंच आपल्याला. २००५ च्या सिनेमात आपण वरच्या पायरीवर असतो. ॲनाकिन जिन्यावरून खाली चाललाय हे आपल्याला दिसतंय आणि त्याला दिसत नाहीये. आता प्रश्न असा, की हे सिनेमे बनवताना कोणत्या जागेचा विचार केला होता? हे मताने ठरवायची गरज नाही. सिनेमातच पुरावे पडलेले आहेत.

पहिला पुरावा दोन यंत्रमानवांचा. आर-टू आणि थ्री-पीओ. लुकासने हे उघडपणे कुरोसावाकडून घेतलंय, 'द हिडन फोर्ट्रेस' या १९५८ च्या चित्रपटातून. तिथे राजकन्येची, सेनापतीची मोठी गोष्ट सुरू होते दोन भांडकुदळ, भित्र्या शेतकऱ्यांपासून. १९७७ मध्ये तेच केलंय. विश्वाचं युद्ध चाललंय आणि आपण बघतोय वाळवंटात एकमेकांना शिव्या घालत चाललेली दोन यंत्रं. यांना कुणी ओळखत नाही, यांना भंगारवाले पकडतात, विकतात. त्या खालच्या जागेवरून आपण हळूहळू वर चढतो. आता एकपासून बघून इथे या. थ्री-पीओ ॲनाकिनने स्वतःच्या हाताने जोडलेला आहे. आर-टू ल्यूकच्या आईच्या चाकरीत होता. म्हणजे हे दोघं अनोळखी राहिले नाहीत, घरातले जुने नोकर झाले. वाळवंटातली ती अनाथ सुरुवात गेली, आणि तिच्या जागी आला एक योगायोग. तोही फार ताणलेला. कारण यांच्याबरोबर मोहिमा केलेला ओबी-वान चौथ्या भागात म्हणतो, की आपला असा कुठला यंत्रमानव होता असं आठवत नाही.

दुसरा पुरावा योडाचा. १९८० मध्ये ल्यूक एका दलदलीच्या ग्रहावर महान गुरू शोधायला जातो. तिथे त्याला भेटतो एक हिरवा, टोपाएवढ्या कानांचा बुटका प्राणी, जो त्याच्या खाण्यात हात घालतो, सामान उचकतो, दिव्यासाठी आर-टूशी झोंबाझोंबी करतो. ल्यूक वैतागतो. आपणही वैतागतो. आणि मग कळतं की गुरू हाच. पहिला धडा देऊन झालेला असतो, आणि ल्यूक त्यात नापास झालेला असतो. आपणही. ही सगळी रचना आपल्या अज्ञानावर उभी आहे. क्रमांकांनी गेलात तर तुम्ही योडाला परिषदेच्या आसनावर बसलेला पाहिलाय, २००२ मध्ये तलवार घेऊन उड्या मारताना पाहिलाय. मग दलदलीतला प्रसंग म्हणजे एक म्हातारा मुद्दाम सोंग करतोय एवढंच उरतं. गंमत राहते, पण धडा जातो.

आणि तिसरा पुरावा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो डोळ्यांचा नाही, कानाचा आहे. वेडरची ती सुप्रसिद्ध धून, साम्राज्याचं कूच. जॉन विल्यम्सने ती लिहिली १९८० च्या सिनेमासाठी. १९७७ च्या सिनेमात ती नाहीच. तिथे साम्राज्यासाठी एक वेगळा, लहानसा सुरांचा तुकडा आहे. मग १९९९ मध्ये विल्यम्सने छोट्या ॲनाकिनसाठी एक धून लिहिली, गोड, निष्पाप, जवळजवळ अंगाईसारखी. पण ती संपत येते तेव्हा तिच्या शेवटच्या वळणात वेडरचं कूच हलकेच डोकावतं. पोरगं हसतंय, आणि संगीत सांगतंय हे पोर पुढे काय होणार आहे. काय सुंदर कल्पना आहे! पण ती ऐकू कुणाला येणार? ज्याने १९८० आधी ऐकलंय त्यालाच. क्रमांकांनी जाणाऱ्याला ती फक्त अंगाई. पुढची गंमत बघा. क्रमांकांनी जाणारा दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात ते कूच ऐकतो, आणि चौथ्यात वेडर दारातून आत येतो तेव्हा त्याची धूनच गायब! पाचव्यात परत हजर. म्हणजे संगीतकाराने हे सगळं कोणत्या क्रमाने ऐकलं जाईल असं धरलं होतं, यावर मला तरी शंका नाही.

असे बारीकसारीक आणखी पुष्कळ आहेत. १९७७ मध्ये ओबी-वान वेडरला 'डार्थ' म्हणून हाक मारतो, ते त्याचं पहिलं नाव असल्यासारखी. पुढे ती पदवी ठरली. १९८० मध्ये लेया ल्यूकचं चुंबन घेते. ते दोघं जुळे भाऊ-बहीण आहेत हे तिसऱ्या भागात आधीच पाहिलेल्या प्रेक्षकाने तिथे कुठे बघायचं? (हशा) या विसंगती म्हणजे गोष्ट रचली जात असतानाच्या खुणा आहेत. ली ब्रॅकेटने १९७८ मध्ये दुसऱ्या सिनेमाचा पहिला खर्डा लिहिला, त्यात ल्यूकचा बाप वेगळा आहे आणि आत्म्याच्या रूपात येऊन मुलाला भेटतो. म्हणजे वेडर हाच बाप, हे त्यानंतर ठरलं. आणि ठरल्यावर ते इतकं गुप्त ठेवलं की चित्रीकरणाच्या वेळी वेडरच्या पोशाखातल्या नटाला वेगळंच वाक्य दिलं होतं, ओबी-वानने तुझ्या बापाला मारलं असं. ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलला खरं वाक्य सांगितलं ते ऐन शॉटच्या तोंडावर. वेडरचा आवाज नंतर जेम्स अर्ल जोन्सने दिला.

यातून एक विलक्षण गोष्ट घडते. १९७७ च्या सिनेमात ल्यूक ओबी-वानला विचारतो, माझे वडील कसे गेले? ॲलेक गिनेस क्षणभर थांबतो, मग उत्तर देतो. पहिल्यांदा बघताना ते थांबणं दुःखाचं वाटतं. सगळं कळल्यावर परत बघा, तेच थांबणं खोटं बोलण्याआधीचं वाटतं. तसंच काका-काकूंचं. काकू म्हणते पोरात बापाचा अंश फार आहे, आणि काका म्हणतो मला त्याचीच धास्ती. पहिल्यांदा ही साधी शेतकरी काळजी वाटते, दुसऱ्यांदा अंगावर काटा येतो. सिनेमा तोच, फ्रेम तीच, अर्थ दोन. हे दोन्ही अर्थ मिळवायचे असतील तर आधी न कळता बघावं लागतं आणि मग कळून. उलटं करता येत नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी तान्हा ल्यूक काका-काकूंच्या हातात येतो आणि समोर दोन सूर्य मावळतात. १९७७ च्या त्या प्रसिद्ध दृश्याचा तो प्रतिध्वनी आहे. प्रतिध्वनी हाकेच्या आधी कसा ऐकायचा?

आता तिसऱ्या रस्त्याबद्दल बोलायला हवं, नाहीतर इथले तरुण मला सोडणार नाहीत. २०११ मध्ये रॉड हिल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने एक क्रम सुचवला, 'मशेटी ऑर्डर' म्हणून तो गाजला. चार, पाच, मग दोन, तीन, आणि शेवटी सहा. एक नंबर सरळ गाळायचा. कल्पना हुशार आहे. वेडर म्हणतो मी तुझा बाप, ल्यूक ते मानायला तयार नाही, आणि इथे आपण मागे जाऊन बघतो की हे खरं आहे का, कसं झालं. मग सहाव्यात काळ्या कपड्यातला ल्यूक आला की आपल्याला त्याच्यात तिसऱ्या भागातला ॲनाकिन दिसतो. हा पोरगाही तसाच घसरणार का, ही भीती खरी होते. प्रदर्शनाच्या क्रमात ही भीती इतकी धारदार नाही, हे मान्य.

पण पहिला भाग गाळण्याला माझा सक्त विरोध आहे. तो सिनेमा चांगला आहे असं मी म्हणत नाही. व्यापारी मार्गांवरच्या करापासून सुरुवात होणारी परीकथा कुणी लिहू नये. (हशा) पण त्यात या सहाही सिनेमांमधला सगळ्यांत गंभीर विचार आहे. ॲनाकिन गुलाम आहे. लोकशाहीचे, न्यायाचे रक्षक म्हणवणारे जेडाय तिथे येतात. त्यांना हे पोर गुणी वाटतं. ते पोराला सोडवून नेतात आणि त्याच्या आईला गुलामीत ठेवून निघून जातात. पैज पुरेशी नव्हती म्हणून. आणि नंतरही तिला सोडवायला प्रजासत्ताकातलं कुणी जात नाही. हे एकदा पाहिलं की पुढे ॲनाकिन त्या व्यवस्थेवर का उलटला, याला एक राजकीय कारण मिळतं. तो भाग गाळला की उरतो दुसऱ्या भागातला तिरसट तरुण, ज्याला राग का येतो तेच कळत नाही, आणि आपण नटाला दोष देऊन मोकळे होतो. मशेटीवाल्यांनी कंटाळवाणा भाग काढला, आणि त्याच्याबरोबर मुळाशी असलेला अन्यायही काढून टाकला.

शिवाय हान सोलो १९८० च्या शेवटी गोठवलेल्या अवस्थेत लटकलेला आहे. त्याला तसाच ठेवून दोन अख्खे सिनेमे मागे फिरून यायचं, हे मला तरी जमत नाही.

'रोग वन' आधी की नंतर? नंतर. तो जिथे संपतो तिथून १९७७ चा सिनेमा सुरू होतो, म्हणून लोकांना तो आधी लावायचा मोह होतो. पण त्याच्या शेवटी वेडर अंधाऱ्या बोळात माणसं कापत सुटतो, ते बघून आलात तर १९७७ मधला धुरातून चालत येणारा, नुसतं आजूबाजूच्या मृतदेहांकडे बघणारा वेडर मिळमिळीत वाटणार. सात, आठ, नऊबद्दल मी फार बोलणार नाही. त्या तिघांचं आपसातच पटत नाही, त्यांचा क्रम लावून काय करायचं?

तर इथपर्यंत मी प्रदर्शनाच्या क्रमाची वकिली केली. आता म्हणाल, झालं की, मग तासभर कशाला? घरी जाऊ, १९७७ चा सिनेमा लावू. लावा ना. पण तुम्ही जो लावाल तो १९७७ चा सिनेमा नसेल.

मूळ मुद्दा हा आहे. १९७७ मध्ये पडद्यावर वर सरकत जाणारा जो मजकूर होता, त्यात 'भाग चार' असं काही नव्हतं. नुसतं स्टार वॉर्स. 'भाग चार, अ न्यू होप' ही ओळ १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात घातली. तेव्हा एक, दोन, तीन अस्तित्वात नव्हते. मग १९९७ मध्ये तिन्ही जुन्या सिनेमांच्या 'स्पेशल एडिशन' आल्या. हान सोलो आधी गोळी झाडायचा, आता समोरचा आधी झाडतो. जब्बा नावाचा गुंडांचा म्होरक्या. तो पहिल्या दोन सिनेमांत फक्त नावाने येत होता आणि १९८३ ला पहिल्यांदा दिसत होता. तो १९७७ च्याच सिनेमात संगणकावर बनवून घातला. सहा वर्षं जी गोष्ट पडद्याआड ठेवली होती ती पहिल्या तासातच उघडी.

आणि २००४ च्या डीव्हीडीत जे झालं, ते तर या चर्चेचा कणाच मोडतं. १९८० च्या सिनेमात सम्राटाचं वेडरशी बोलणं आहे. ते नव्याने चित्रित केलं, त्यात इयन मॅकडिआर्मिडला आणलं, संवाद बदलले. आता सम्राट वेडरला सांगतो की हा मुलगा ॲनाकिन स्कायवॉकरची संतती आहे, आणि वेडर विचारतो, हे कसं शक्य आहे? हा प्रश्न कुणासाठी आहे? ज्याने तिसरा भाग पाहिलाय त्याच्यासाठी. त्याला माहीत आहे की वेडरला आपलं मूल मेलं असं वाटतंय. ज्याने पाहिला नाही, त्याला तिथेच शंका येते, आणि शेवटचा प्रसंग अर्धा उसवतो.

त्याच डीव्हीडीत १९८३ च्या शेवटी तीन आत्मे दिसतात. ओबी-वान, योडा, आणि ॲनाकिन. मूळ सिनेमात तिथे सेबॅस्टियन शॉ होता, म्हातारा, शांत. थोड्याच वेळापूर्वी ल्यूकने वेडरचा मुखवटा काढला तेव्हा दिसलेला तोच चेहरा. तिथे आता हेडन क्रिस्टेन्सन आहे, दोन आणि तीनमधला तरुण. जो माणूस प्रदर्शनाच्या क्रमाने बघतोय, त्याने हा चेहरा आयुष्यात पाहिलेला नाही! तीन सिनेमांच्या शेवटी, सगळ्यांत हळव्या क्षणी, एक परका माणूस उभा राहून हसतो. आणि २०११ च्या ब्लू-रेमध्ये, सम्राट ल्यूकला छळत असताना वेडर मुकाट्याने एकदा मुलाकडे, एकदा मालकाकडे बघायचा, आणि आपण त्या निर्विकार मुखवट्यात मनातली घालमेल वाचायचो, तिथे त्याच्या तोंडी 'नाही' असा आक्रोश घातला. का? तर तिसऱ्या भागाच्या शेवटी तो असाच ओरडतो, त्याच्याशी जुळावं म्हणून.

बघा, या सगळ्या बदलांची दिशा एकच आहे. जुने सिनेमे नव्यांचे उत्तरार्ध व्हावेत. म्हणजे लुकासला जो क्रम हवा होता, त्यासाठी त्याने नुसतं मत दिलं नाही, सिनेमा कापून तसा केला. आपण इकडे चार-पाच-सहा आधी की एक-दोन-तीन यावर भांडतोय, आणि तिकडे निकाल कात्रीने लावून टाकलेला आहे. प्रदर्शनाचा क्रम आज कपाटातल्या डबीवर आणि स्ट्रीमिंगच्या यादीत आहे. आतल्या चित्रपटात तो शिल्लक नाही.

आपल्याकडे अशा भानगडींसाठी शब्द आहे, प्रक्षेप. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी दशकं घालवून, शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली ती यासाठीच. त्याही आधी शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यात कुणी ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. पण या सगळ्यात गृहीत काय आहे? की घुसडणारा दुसरा कुणी आहे. इथे प्रक्षेप करणारा स्वतः कवीच आहे. मग काय करायचं?

लुकासची बाजू नीट मांडायला हवी. तो म्हणतो, १९७७ मध्ये पैसा नव्हता, तंत्र नव्हतं, वेळ नव्हता, मनात होतं ते जमलं नव्हतं. आता जमतंय, तर माझं काम मी पुरं करतोय. लेखक दुसऱ्या आवृत्तीत बदल करतोच की. कीर्तनकार एकच आख्यान दरवेळी वेगळं रंगवतो. मला हा हक्क पूर्ण मान्य आहे. पण कीर्तनकार नवं आख्यान लावताना देवळातली जुनी पोथी उचलून नेत नाही. लेखकाने दुसरी आवृत्ती काढली तरी पहिली ग्रंथालयात मिळते. इथे पहिली मिळेनाशी केली गेली. २००६ मध्ये मूळ आवृत्त्या डीव्हीडीवर एकदा दिल्या, त्याही जोडडिस्क म्हणून, जुन्या लेझरडिस्कसाठी केलेल्या धूसर प्रतीवरून.

आणि दोन गोष्टी फार बोचतात. एक म्हणजे १९७८ च्या ऑस्कर समारंभात या सिनेमाला दृश्य परिणामांसाठी आणि संकलनासाठी पुरस्कार मिळाले. संकलनासाठी तिघांना, त्यात मार्शिया लुकास होती. ज्या कामाला ते पुरस्कार मिळाले, त्यातले कितीतरी शॉट आणि कितीतरी जोड आज सिनेमात नाहीत. शेकडो लोकांनी हाताने केलेली कामं होती ती, एकट्या लुकासची नव्हती. दुसरी गोष्ट १९८८ ची. कृष्णधवल सिनेमे रंगीत करण्याचा सपाटा चालू होता, तेव्हा अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष द्यायला हाच लुकास गेला होता. तिथे तो म्हणाला की उद्या तंत्रज्ञान असं येईल की जुन्या नटांच्या जागी ताजे चेहरे बसवतील, संवाद बदलतील, आणि आपला सांस्कृतिक ठेवा असा बदलणारे लोक रानटी आहेत. त्याचा रोख होता मालकांवर, निर्मात्याच्या संमतीशिवाय फेरफार करणाऱ्यांवर, हे खरं. पण सेबॅस्टियन शॉ १९९४ मध्ये वारला होता. त्याला कुणी विचारलं?

२०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ ची एक जपून ठेवलेली मूळ प्रिंट पडद्यावर लावली, त्याची जगभर बातमी झाली. एक सिनेमा जसा होता तसा दाखवला, ही बातमी! काही चाहत्यांनी जुन्या प्रिंट मिळवून, स्कॅन करून, फ्रेम फ्रेम साफ करून मूळ सिनेमा परत उभा केलाय. कायद्याच्या नजरेत ते काय आहे यात मी शिरत नाही. त्या मंडळींनी केलेलं काम मात्र भांडारकरमधल्या मंडळींच्या जातीचं आहे.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. 'माझी मुलगी ९ वर्षांची आहे. येत्या सुट्टीत दाखवणार आहे. एक वाक्यात सांगा.' एका वाक्यात जमणार नाही, पण सांगतो. १९७७, १९८०, १९८३ या क्रमाने दाखवा. दोन सिनेमांमध्ये चार-आठ दिवस जाऊ द्या, तिला डोक्यात गोष्ट पुढे रचू द्या. मग १९९९ पासूनचे तीन, पहिला न गाळता. आवडलं तर पुढच्या वर्षी एकपासून सहापर्यंत सलग बघा, तेव्हा काकू काय म्हणाली ते तिला ऐकू येईल. मिळाली तर जुनी आवृत्ती लावा. नाही मिळाली तर जी आहे ती लावा, काही बिघडत नाही. फक्त १९८३ च्या शेवटी तो तरुण हसत उभा राहिला की ती विचारेल, बाबा, हा कोण? तेव्हा तिला खरं सांगा, की इथे एक म्हातारे नट होते, त्यांना काढून याला उभं केलंय, आणि हा पुढच्या सिनेमातला आहे, आपण तिथे अजून पोचलो नाही. शक्य असेल तर शॉचं जुनं दृश्यही दाखवा, दोन्ही शेजारी शेजारी. कोणतं हवं ते तिला ठरवू दे.